गौरीपुढे बसले आणि उठता येईना

पुण्यातल्या सहकारनगरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-पत्ता गाळून, थोडक्यात देते. वय 58, दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त. गेली बारा वर्षं रोज सकाळी तळजाई टेकडीवर पाऊण तास चालतात. वजन 54 किलो, वीस वर्षांत जेमतेम दोन किलो इकडेतिकडे. यंदा गौरीजेवणाच्या दिवशी पूजेला पाटावर बसल्या आणि आरतीला उठायच्या वेळी उठताच येईना. जावेने आणि सुनेने दोन्ही दंडांना धरून उभं केलं. सगळे हसले, त्याही हसल्या, रात्री मात्र झोप लागली नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गुडघ्यांची झीज थोडीच आहे, पण मांड्यांचे स्नायू बरेच कमी झालेत आणि साखरही काठावर आहे, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) 6.1. वजनं घेऊन व्यायाम सुरू करा, म्हणाले. मुलगी म्हणते जिमला नाव घाल. यजमान म्हणतात, "या वयात लोखंड उचलून कंबर मोडून घेशील. जन्मभर राबलीस, आता आराम कर." एका नातेवाइकांनी 'पेशी तरुण ठेवणाऱ्या' कॅप्सूल सुचवल्यात, महिन्याला साडेचार हजारांच्या. ताई विचारतात: "रोज चालते, घरातलं सगळं करते, वजन वाढू दिलं नाही. मग माझं चुकलं कुठे? आणि पेशीच म्हाताऱ्या झाल्या असतील तर आता व्यायामाचा उपयोग काय? कॅप्सूल घेऊ, जिमला जाऊ, की वयाचं आहे म्हणून सोडून देऊ?"

ताई,

सुरुवात तुमच्या चालण्यापासून करते. बारा वर्षं पाळलेला नेम आहे तो, आणि 'माझं चुकलं कुठे' हा प्रश्न त्याच्याच पोटातून आलाय. चालणं वाया गेलेलं नाही. 1953 साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वरखाली. एकच नोकरी, एकच शहर, तरी हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी. पुढे जगभर यावर पुष्कळ काम झालं. तुमचं हृदय, तुमचा दम, तळजाईच्या चढावर बोलत बोलत जाता येणं, ही त्या बारा वर्षांची कमाई आहे. ती सोडू नका.

पण स्नायूला जे काम रोज पडतं, तेवढ्याच कामाला तो तयार राहतो. चालताना गुडघा थोडासाच वाकतो. शरीराचा भार मांडीवर क्षणभर येतो, लगेच दुसऱ्या पायावर जातो, आणि असं हजारो वेळा होतं. पाटावरून उठताना तोच 54 किलोचा भार गुडघा पूर्ण मुडपलेला असताना, खालून वर ढकलायचा असतो. तोही एकदाच, पण पूर्ण जोर लावून. पहिल्या कामाने दम वाढतो. दुसऱ्याला ताकद लागते, आणि ती मागणारं कामच तुमच्या दिवसात उरलेलं नाही.

घरातल्या कामाचंही तसंच. "घरातलं सगळं करते" हे तुम्ही लिहिलंत त्यात तसूभर खोट नाही. पण ते सगळं कुठे होतं ते पाहा. ओट्याशी उभं राहून स्वयंपाक, टेबलावर जेवण, कपडे मशीनमध्ये, फरशी लांब दांड्याच्या मॉपने, संडास कमोडचा. आपल्या आज्या चुलीपुढे उकिडव्या बसायच्या, जेवायला पाट, निवडायला सूप घेऊन जमिनीवर. दिवसाकाठी तीस-चाळीस वेळा उठबस व्हायची आणि तिला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. त्यांचे हाल मला परत आणायचे नाहीत, त्या कष्टांनी कितीजणींच्या कंबरा कायमच्या वाकल्या ते मी पाहिलं आहे. एवढंच म्हणते की आपल्या घरांतून जमीन गेली, तिच्याबरोबर उठबस गेली, आणि तिची भरपाई दुसऱ्या कशाने झाली नाही. तुम्ही वर्षातून एकदा, गौरीपुढे, जमिनीवर बसता. मांडीला अचानक एवढं मोठं काम पडलं, ते तिला झेपलं नाही.

आता वजनाबद्दल. वीस वर्षं काटा हलला नाही म्हणजे शरीर तसंच राहिलं, हे तुम्ही गृहीत धरलंय. तसं होत नाही. तिशी-चाळिशीनंतर, खास प्रयत्न केला नाही तर, दर दहा वर्षांनी साधारण 3 ते 8 टक्के स्नायू घटतात, साठीनंतर वेग वाढतो. पाळी गेल्यावर बायकांमध्ये ही घट जास्त जाणवते. त्याच काळात चरबी हळूहळू वाढत जाते. दोन किलो स्नायू गेला, दोन किलो चरबी आली, काटा म्हणतो सगळं ठीक. या वयपरत्वे होणाऱ्या स्नायूघटीला 'सार्कोपेनिया' हे नाव 1980च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग यांनी दिलं. हे प्रकरण इतकं दुर्लक्षित होतं की नाव मिळायलाच तितका काळ गेला.

आणि आपल्या बाबतीत तर ही गोष्ट पुण्यातच सापडली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, नेमका सारखा, 22.3. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. त्याआधी याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया-बाळांचा अभ्यास केला होता. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं लहान, पण त्यांच्यात कमी होता तो मुख्यतः स्नायू; चरबी त्या मानाने टिकून होती. थोडक्यात, स्नायूची शिल्लक आपल्याकडे मुळातच बेताची. म्हणून 'मी तर बारीकच आहे' या समाधानावर आपल्याला राहता येत नाही. तुमच्या काठावरच्या साखरेचं कोडंही यात बरंचसं सुटतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवून घेणारं शरीरातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान झालं की साखर रक्तात रेंगाळते. त्यात आणखी एक गंमत अशी, की काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही रक्तातून साखर ओढून घेतो. जेवणानंतरच्या शतपावलीत तेच घडतं. ती सुरू करा, रात्री आणि जमल्यास दुपारीही, दहा-पंधरा मिनिटं.

आता तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रश्न: पेशीच म्हाताऱ्या झाल्या असतील तर?

तुमच्या मनात पेशी म्हणजे मशीनचा सुटा भाग आहे. वापरला की झिजतो, झिजला की संपला. मग जपून वापरणं हाच शहाणपणा ठरतो. तुमच्या यजमानांच्या 'आराम कर' मागेही हेच चित्र आहे, आणि कॅप्सूलवाल्यांच्या जाहिरातीमागेही. पण स्नायूची पेशी तशी नाही. ती एक लांबच लांब तंतू असते, आणि तिच्या आतलं सामान सतत बदलत असतं. रोज साधारण एक-दीड टक्का प्रथिनं मोडली जातात आणि त्यांच्या जागी नवी भरली जातात. तुमची मांडी 58 वर्षांची आहे, पण तिच्यातलं बहुतेक प्रथिन याच वर्षातलं आहे. भिंती जुन्या असतील, पण आत गवंडी रोज काम करतोय. त्याने किती भरायचं आणि किती मोडायचं, हे तुम्ही त्या मांडीला काय काम देता यावर ठरतं.

तंतूच्या कडेला चिकटून छोट्या राखीव पेशी असतात. अलेक्झांडर मौरो यांनी 1961 साली बेडकाच्या पायाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पहिल्यांदा पाहिल्या. एरवी त्या झोपलेल्या. स्नायूवर नेहमीपेक्षा जास्त ताण आला, बारीकसारीक इजा झाली, की जाग्या होतात आणि दुरुस्तीला लागतात. वयाबरोबर त्यांची संख्या घटते आणि झोप गाढ होते हे खरं आहे. म्हणून तर पन्नाशीनंतर हाक जरा मोठ्याने मारावी लागते, म्हणजे ताण हलका-हलका ठेवून चालत नाही.

मग ऊर्जेची गोष्ट. शाळेत आपण तंतुकणिका शिकलो, ज्यांना आता सगळे मायटोकॉन्ड्रियाच म्हणतात. घास आणि श्वास यांची गाठ तिथे पडते आणि पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा तयार होते. 1967 साली जॉन होलोझी यांनी उंदरांना बरेच आठवडे पट्ट्यावर पळवलं, तर त्यांच्या स्नायूंतल्या या ऊर्जाघरांची काम करायची क्षमता सुमारे दुप्पट झाली. माणसांतही व्यायामाने त्यांची संख्या आणि तब्येत सुधारते, म्हातारपणीही. शिवाय पेशी आपल्यातला मोडका-तुटका माल स्वतःच खाऊन त्याचं पुन्हा सामान करते. त्या क्रियेची यंत्रणा उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना 2016 चं नोबेल मिळालं. उंदरांवरच्या प्रयोगांत व्यायामाने ही झाडलोट वाढते असं दिसलं आहे. म्हणजे पेशी तरुण ठेवायचा जो काही उपाय माणसाच्या हाती आहे, तो बाटलीतून यायच्या आधी मांडीतून येतो.

कॅप्सूलचं म्हणूनच स्पष्ट सांगते: घेऊ नका. तुमच्या कॅप्सूलमध्ये नेमकं काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा गोळ्यांत पुष्कळदा अँटिऑक्सिडंट म्हणून क आणि ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस असतात. 2009 मध्ये जर्मनीत मायकेल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज क जीवनसत्त्व 1000 मिलिग्रॅम आणि ई 400 युनिट दिलं. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांचं शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं. गोळ्या घेतलेल्यांमध्ये तो फायदा दिसला नाही. व्यायामाने पेशीत जो थोडासा ताण येतो, तोच तिला सुधारायचा निरोप असतो, आणि गोळीने तो निरोपच पुसला. पेरू, आवळा, लिंबू खुशाल खा, ते वेगळं. पण बी-12 आणि ड जीवनसत्त्व मात्र तपासून घ्या. या दोन्हींची कमतरता आपल्याकडे घरोघरी आहे आणि दोन्हींनी पायातला जोर जातो. कमी निघालं तर डॉक्टर देतील त्या गोळ्या जरूर घ्या. थायरॉइडही बघून घ्या. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल नि मांड्या दुखत असतील, तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांच्या कानावर घाला.

'आराम कर' बद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण ते प्रेमाने म्हटलेलं आहे आणि प्रेमाने म्हटलेलं मोडणं अवघड जातं. 1966 साली अमेरिकेत डॅलसला पाच निरोगी, विशीतल्या तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. उठल्यावर त्यांचा दम पार ढासळला होता. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना शोधून पुन्हा तपासलं. तेव्हा ते पन्नाशीचे, वजन वाढलेले. तरीसुद्धा तीस वर्षांच्या वयाने जेवढा दम गेला नव्हता, तेवढा विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने गेला होता. त्या पन्नाशीच्या पाचांनी मग सहा महिने नेमाने व्यायाम केला आणि दम विशीतल्या पातळीवर आणला.

माझ्या घरी हे मी जवळून पाहिलं. वडील 74 चे असताना न्यूमोनिया झाला, अकरा दिवस रुग्णालयात होते. छाती बरी झाली, घरी पाठवलं, हातात गोळ्यांची यादी दिली. पायांबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. पहिल्याच रात्री ते कमोडवरून उठू शकले नाहीत. दाराबाहेर मी उभी, आतून ते म्हणत होते, "थांब, उठतोय." दहा मिनिटं. नंतर एका फिजिओथेरपिस्ट मुलीने त्यांना खुर्चीत दोन उशा ठेवून उंच बसवलं आणि तिथून उठायला शिकवलं. आठवड्याने एक उशी काढली. मग दुसरी. तीन महिन्यांनी ते कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला जात होते. मी आज जे सांगणार आहे ते मूळ त्या दोन उशांतून आलेलं आहे.

वयाची भीती घालवायला एकच दाखला देते. 1990 साली बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोनी यांनी वृद्धनिवासातल्या, सरासरी नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, आणि हलका नाही, चांगला जड. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीच्या मध्यावर स्नायूचं क्षेत्रफळही 9 टक्क्यांनी. नव्वदीत! तुम्ही 58 च्या आहात. याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगते: व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत जवळजवळ एक तृतीयांश ताकद परत गेली. दात घासण्यासारखं आहे हे, एकदा करून ठेवता येत नाही.

आता काय करायचं. तुमच्या घरात जेवणाच्या टेबलाची खुर्ची असेल, दिवाण असेल, चौरंग असेल आणि तो पाट तर आहेच. हीच तुमची चढती, खरं तर उतरती, भाजणी.

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर बांधा, पावलं खांद्यांइतकी लांब, टाचा जमिनीवर. दोन-तीन मोजत सावकाश खाली बसा, धपकन नाही. खाली येताना जो ताबा ठेवावा लागतो त्यात निम्मा व्यायाम आहे. मग पुढे झुकून, श्वास सोडत उठा. आठ ते बारा वेळा, दोन मिनिटं थांबून पुन्हा तेवढंच. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. गप्पा मारत बारा झाले, तर तो व्यायाम आता तुमच्यासाठी संपला, पुढे सरका. पुढे म्हणजे दिवाण, तो खुर्चीपेक्षा बसका. मग चौरंग, त्यावर सुरुवातीला दोन जाड उशा किंवा घडी केलेली गोधडी, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक घडी कमी. चौरंग नुसता जमला की छातीशी पिशवी धरा, आत एक किलो तूरडाळ, मग दोन किलो. शेवटी पाट. पाटावरून उठताना सुरुवातीला एक गुडघा टेकून, बाजूला भक्कम स्टूल घेऊन उठा. त्यात कमीपणा काही नाही. गुडघ्यात टोचल्यासारखं दुखलं तर एक पायरी वर या. मांडी भरून येणं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकणं हे मात्र अपेक्षितच आहे, त्याला घाबरू नका. गुडघ्यांची थोडी झीज असलेल्यांना असा व्यायाम वर्ज्य नाही, उलट गुडघ्यावरचा भार वाटून घ्यायला मांडी हवीच असते.

हे आठवड्यातून दोन-तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. त्याच दिवशी ओट्याच्या कडेला हात टेकून तिरके जोर काढा, आणि ओटा धरून टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम करा. दोन्ही हातांत सामानाच्या जड पिशव्या घेऊन घरातल्या घरात ताठ चालत दोन-चार फेऱ्या मारा. पकड कमी लेखू नका. 2015 मध्ये भारतासह 17 देशांतल्या लोकांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात मुठीची ताकद जितकी कमी, तितका मृत्यूचा धोका जास्त दिसला. पकड ही सगळ्या शरीराच्या ताकदीची खूण असते. आणि दूध तापेपर्यंत ओट्याशी एका पायावर उभ्या राहा, मग दुसऱ्या. वयात आधी बारीक होतात ते झटकन आकसणारे तंतू, म्हणजे पाय अडखळला की तोल सावरणारे. त्यांना आठवण राहावी म्हणून उठताना जरा झपकन उठा, बसताना सावकाश.

जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 पासूनचं सांगणं हेच आहे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम. तुमची दीडशे मिनिटं केव्हाच भरलीत. 'शिवाय' तेवढं राहिलं होतं. वाटल्यास चालण्यातला एक दिवस पर्वतीला द्या, 103 पायऱ्या आहेत, उतरताना कठड्याला हात ठेवून.

जिमला जायचंच असेल तर जा, आणि जिम नको असेल तरी तुमचं अडणार नाही. मुलगी म्हणते म्हणून नाही, यजमान नको म्हणतात म्हणून नाही, आधी दुपारी गर्दी नसताना एकदा नुसतं बघून या. शिकवणाऱ्याने तुम्हाला काय काय आजार आहेत, आधी काय केलंय, हे विचारलं का ते बघा. पहिल्याच दिवशी घाम काढतो असं म्हणणारा असेल तर तिथे थांबू नका. अचानक अतिरेकी व्यायामाने स्नायू फुटून लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होऊ शकते. तसं झालं तर घरी थांबायचं नाही, लगेच रुग्णालय. आणि 'लोखंड' हा शब्द यजमानांना एवढा परका वाटायचं कारण नाही. तालमींचं गाव आहे हे, टिळक रस्त्यावरचं महाराष्ट्रीय मंडळ ही व्यायामसंस्था कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी 1924 साली सुरू केली. बायकांच्या वाट्याला मात्र आपण फक्त काम ठेवलं. 'जन्मभर राबलीस' हे ते बरोबरच म्हणतात. पण राबणं दुसऱ्यांसाठी होतं, हा अर्धा तास तुमच्यासाठी आहे. यजमानांशी वाद घालू नका. शेजारी दुसरी खुर्ची ठेवा आणि "मोजायला बसा" म्हणा. साठीच्या पुढच्या माणसाने दोन दिवस मोजलं की तिसऱ्या दिवशी तो स्वतः उठून बघतोच.

व्यायामाआधी डॉक्टरांना एकदा विचारा, विशेषतः रक्तदाब आटोक्यात नसेल, चालताना छातीत भरून येत असेल, किंवा हाडं ठिसूळ असल्याचं कुणी सांगितलं असेल तर. आणि जोर लावताना श्वास कोंडू नका.

जेवण. गवंडी आहे, विटा कुठे? तुम्ही दिलेला दिवस असा: सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी-वरण-भात, रात्री मऊ भात किंवा खिचडी, आठवड्यातून दोन उपास. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं प्रमाण शरीराच्या वजनाच्या दर किलोला 0.83 ग्रॅम प्रथिन, म्हणजे तुम्हाला रोज 45 ग्रॅम तरी. वय वाढतं तसं तज्ज्ञ किलोला 1 ते 1.2 ग्रॅम सुचवतात, म्हणजे 54 ते 65. तुमच्या ताटात मला पस्तिसाच्या आसपास दिसतं. वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅमच असतं, पाणी जास्त. साबुदाण्यात तर जवळजवळ नाहीच, उपासाला खिचडीतलं शेंगदाण्याचं कूट तेवढं कामाचं. म्हणून सकाळी पोह्यांऐवजी मुगाचं किंवा बेसनाचं धिरडं, सोबत वाटीभर घट्ट दही. दुपारी वरणाच्या जागी मटकी-मुगाची दाट उसळ. रात्री पनीर किंवा पिठलं. अंडं चालत असेल तर एकात सहा ग्रॅम. एकाच जेवणात सगळं न कोंबता तिन्ही वेळेला वाटून घ्या, उतारवयात स्नायूला दर वेळी जरा मोठा हप्ता लागतो. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हे वाढवायच्या आधी विचारून घ्या. साडेचार हजारांत महिन्याचं पनीर, दही आणि कडधान्य येऊन पैसे उरतील.

पहिले दोन-तीन आठवडे मांडी दिसायला तशीच राहील, पण उठणं हलकं होईल. कारण आधी सुधारतो तो मेंदू आणि स्नायू यांच्यातला संवाद. स्नायू भरायला दोन-तीन महिने लागतात. या मधल्या काळात आरशाकडे आणि काट्याकडे बघू नका, घड्याळाकडे बघा. आजच संध्याकाळी करा: जेवणाच्या खुर्चीवर बसा, हात छातीवर बांधा, आणि सलग पाच वेळा पूर्ण उभ्या राहून परत बसा. यजमानांना सेकंद मोजू द्या. आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषानुसार 12 सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंकडे लक्ष द्यायला हवं. जो आकडा येईल तो भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये आजच्या चौकोनात लिहून ठेवा, आणि दुसरा संक्रांतीच्या चौकोनात लिहायला जागा सोडा. तेव्हाचा आकडा, आणि चौरंगावर तेव्हा किती घड्या उरल्यात ते, मला कळवा.